नऊ जणींसाठी एक शब्द

पुतणी : तो नाही काका, त्याच्या खालच्या ओळीतला. एचने सुरू होतो तो.

काका : थांब, भिंग घेऊ दे. हल्ली अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. हां. हिस्टेरिया. मास हिस्टेरिया.

पुतणी : त्याचा अर्थ सांगा. काल आम्हाला हेच झालं म्हणून सही करून बारापर्यंत कंपनीला कागद परत द्यायचाय. नाही दिला तर उद्यापासून पॅकिंगला येऊ नका म्हणालेत.

काका : आधी बस तू. केवढ्या धापा टाकतेयस.

पुतणी : तीन जिने चढून आले म्हणून. घाबरलेय म्हणून नाही.

काका : घाबरलीयस असं मी कुठे म्हटलं?

पुतणी : तुम्ही नाही. कालपासून बाकी सगळे म्हणतायत.

काका : काल काय झालं?

पुतणी : अर्थ सांगा ना आधी. परवा ऑफिसातली मुलगी मोबाइलवर मांजराचा व्हिडिओ बघत बसली होती. हसता हसता 'सो हिस्टेरिकल, सो हिस्टेरिकल' करत होती. म्हणजे हसण्यावारी न्यायचा प्रकार आहे का हा? आम्ही नऊ जणी पडलो त्याची गंमत वाटली त्यांना?

काका : नऊ जणी पडलात?

पुतणी : काका, अर्थ.

काका : बरं. ती मुलगी म्हणाली तोही एक अर्थ आहे. हसून हसून मुरकुंडी वळणं. तो बोलण्यातला. कोर्टात पस्तीस वर्षं भाषांतरं केली, पण कागदावर तो अर्थ एकदाही आला नाही. कागदावर येतो तो दुसरा. भावना हाताबाहेर जाणं. रडणं थांबत नाही, हसणं थांबत नाही, माणूस किंचाळतो, हातपाय झाडतो. शरीराला काही झालेलं नसतं, मनाचा बांध फुटलेला असतो. आपल्याकडे उन्माद म्हणतात.

पुतणी : आणि मास म्हणजे?

काका : सामूहिक. एकीला झालं, तिचं बघून दुसरीला, मग तिसरीला.

पुतणी : म्हणजे नाटकं केली आम्ही.

काका : तसं नाही. कधी कधी खरंच होतं ते, माणसं खरंच पडतात. पण बाकी सगळं तपासून झालं आणि काही म्हणता काही सापडलं नाही, तर शेवटी म्हणायचा शब्द आहे तो. लोक आधीच म्हणून मोकळे होतात. बाईचा आवाज चढला की हा शब्द तयारच असतो.

पुतणी : बाईचाच का?

काका : शब्दाच्या पोटातच बाई आहे. जुन्या ग्रीक भाषेत गर्भाशयाला जे म्हणायचे, त्यावरून आलाय तो. त्यांना वाटायचं, बाईचं गर्भाशय जागा सोडून अंगभर हिंडतं आणि मग ती अशी वागते.

पुतणी : हिंडतं? भाड्याचं घर शोधत?

काका : मानायचे तसं. मोठमोठे वैद्य मानायचे.

पुतणी : मग पुरुषांना होत नाही?

काका : होतं की. त्यांच्या कागदावर ताण लिहितात. फार तर थकवा. आता सांग बघू, काल काय झालं?

पुतणी : सांगते. माझा आवाज चढायला लागला तर मध्येच थांबवा मला.

काका : चढू दे. इथे मी एकटाच आहे.

पुतणी : नको. सवय लागेल. तर, आमची फळं भरायची खोली. माल थंड राहायला हवा म्हणून दारं, शटर, सगळं बंद. आठला कामाला लागलो. दहाच्या सुमाराला माझं डोकं धरलं. कपाळावर कोणी पट्टी आवळत नेतंय तसं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. शेजारची म्हणाली, मळमळतंय. आमच्यात एक मावशी आहेत, सगळ्यांत जुन्या. एकवीस वर्षं पेट्याच भरतायत. त्या सफरचंद हातात घेऊन पेटीकडे बघत बसल्या. म्हटलं, मावशी, काय झालं? तर म्हणाल्या, 'पुढे काय करायचं असतं गं याचं?'

काका : असं म्हणाल्या?

पुतणी : हो. शांतपणे विचारलं, लहान मूल विचारतं तसं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मग त्यांचे गुडघे दुमडले. मी धरायला गेले तर माझ्याच पायांत जीव नाही. एक जण किंचाळली, तेव्हा शटर उघडलं बाहेरच्यांनी आणि ओढून काढलं आम्हाला. आणि बाहेर आल्यावर मला... काका, हे घरी कुणाला सांगितलं नाहीये मी.

काका : सांग.

पुतणी : मला हसू आलं. मावशी जमिनीवर आडव्या, तोंडातून फेस, आणि मी हसतेय. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. दहा-बारा माणसांनी बघितलं. म्हणून वाटतं, खरंच तोच शब्द असेल. मला काय कळतंय आतलं? तुमच्या त्या ग्रीक लोकांचं हिंडत असेल काहीतरी.

काका : डॉक्टर काय म्हणाले?

पुतणी : कंपनीचे डॉक्टर तासाभराने आले. बोटाला तो चिमटा लावला. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. बीपी ठीक. खोलीत जाऊन वास घेतला, तर कसलाच वास नाही. तोपर्यंत शटर सताड उघडं होतं. मग विचारलं, पहिली कोण किंचाळली? तिचं नाव लिहून घेतलं. झाली तपासणी.

काका : आणि मावशी?

पुतणी : कंपनीच्याच दवाखान्यात आहेत. झोपेचं इंजेक्शन दिलंय. शांत झाल्या की सोडू म्हणाले.

काका : खोलीत पुरुष किती होते?

पुतणी : एकही नाही. ते सगळे बाहेर, ट्रकपाशी. सुपरवायझरची केबिन खोलीतच आहे, पण काल ते मुख्य ऑफिसात गेले होते. हां, फोर्कलिफ्टवाला येतो पेट्या उचलायला. येतो आणि जातो, थांबत नाही.

काका : फोर्कलिफ्ट बॅटरीवरची ना?

पुतणी : होती बॅटरीवरची. ती बिघडली. सोमवारपासून भाड्याची आणलीय, गॅसच्या सिलिंडरवर चालते. कानठळ्या बसवते.

काका : धूर?

पुतणी : दिसत नाही.

काका : मग त्या बंद खोलीतली हवा जाते कुठे?

पुतणी : वर पंखा होता बाहेर हवा फेकणारा. थंडावा जातो म्हणून गेल्या आठवड्यात त्याच्या तोंडावर पत्रा ठोकलाय. काका? भिंग का ठेवलंत?

काका : एकदा एक शवविच्छेदनाचा अहवाल आला होता माझ्याकडे. दोघे भाऊ, दुकानदार. वीज गेली म्हणून शटर ओढून आतच जनरेटर चालू केला होता त्यांनी. धूर नाही, वास नाही. इंजिन बंद जागेत चाललं की एक वायू साठतो. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत झोपू नये म्हणतात ना, तेच कारण. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, पाय जातात, डोकं चालेनासं होतं. माणूस काहीबाही बोलतो. हसतोसुद्धा.

पुतणी : आणि मग?

काका : अहवालात वाक्य होतं, 'चेहरे झोपल्यासारखे.' ते मी तीनदा खोडून परत लिहिलं होतं.

पुतणी : म्हणजे विष होतं ते.

काका : मी डॉक्टर नाही, पोरी. पण तू आत्ता जे सांगितलंस ते मी एकदा इंग्रजीत वाचलंय. खोली बंद ठेवलीय ना सध्या?

पुतणी : नाही.

काका : नाही म्हणजे?

पुतणी : सकाळी आठपासून चालू आहे. ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्या आत आहेत. सात जणी. माझी धाकटी जाऊ आत आहे काका. काल संध्याकाळीच सही केली तिने. मी म्हटलं तिला, थांब, काकांना विचारून येते. तर म्हणाली, तुमचं आपलं प्रत्येक गोष्टीत किती खोलात शिरणं. किती वाजले?

काका : अकरा वीस.

पुतणी : सव्वातीन तास झाले.

काका : फोन लाव तिला.

पुतणी : मोबाइल दाराबाहेर पेटीत ठेवायला लावतात. आत फक्त सुपरवायझरचा असतो.

काका : मग त्यांना लाव.

पुतणी : तुम्ही बोला. मी काल सगळ्यांदेखत हसत होते. आता फोनवर ओरडले तर ते म्हणतील, हे घ्या, परत सुरू झालं. मी जितकं खरं बोलेन तितका तो शब्द खरा ठरणार. तुम्ही पुरुष आहात, कोर्टातले आहात.

काका : मी बोललो तर पहिला प्रश्न येईल, तुम्ही तिथे होतात का? मी नव्हतो. तू होतीस. आणि माझ्या बोलण्यावर फार भिस्त ठेवू नकोस. हा शब्द मी याआधी एकदा वाचून दाखवलाय. तुझ्या आईच्या कागदावर होता.

पुतणी : आईच्या?

काका : वहिनी म्हणायची, छातीत कळ येते. दादाने डॉक्टरांचा कागद माझ्या हातात दिला. मी शब्दकोश उघडला आणि सांगितलं, मनाचं आहे, घरी घेऊन जा. अर्थ अगदी बरोबर सांगितला मी. चौथ्या दिवशी...

पुतणी : काका, आत्ता नको.

काका : नको. बरोबर आहे. लाव फोन.

पुतणी : आवाज चढला तर माझा?

काका : आवाज तेवढा सांभाळ. आणि विष, मरण वगैरे एकदम काढू नकोस, साध्यासाध्या गोष्टी विचार. मी आत जाऊन दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो. पत्ता या कागदावर आहे ना?

पुतणी : सगळ्यात वर.

(ती फोन स्पीकरवर टाकते. बराच वेळ रिंग वाजत राहते.)

सुपरवायझर : हां, बोला. झाली का सही?

पुतणी : कागद हातातच आहे साहेब. एक विचारायचं होतं. तुम्ही केबिनमध्ये आहात ना, खोलीतल्या?

सुपरवायझर : मग कुठे असणार? दुपारचा लोड जायचाय. पटकन बोला.

पुतणी : फोर्कलिफ्ट चालूच आहे?

सुपरवायझर : अहो, आज ती आधीच नऊला सुरू झाली, आता बंद ठेवली तर पेट्या काय उडत जाणार ट्रकमध्ये? हे बघा, कालचं पुराण परत काढू नका. डॉक्टरांनी लिहून दिलंय. आजही दोघींनी सकाळपासून डोकं, डोकं लावलंय. मी सांगितलं, मनावर घेऊ नका, एकमेकींकडे बघू नका.

पुतणी : कोण दोघी?

सुपरवायझर : एक तुमची जाऊच. आणि दुसरी ती... कोण बरं... रोज समोर असते. काय नाव तिचं. जाऊ दे.

पुतणी : साहेब, तुमचं डोकं दुखतंय का?

सुपरवायझर : माझं?

पुतणी : हो.

सुपरवायझर : माझं काय मध्येच?

पुतणी : सहज विचारलं.

सुपरवायझर : थोडं आहे. चहा नाही झाला सकाळपासून.

पुतणी : कपाळावर पट्टी आवळल्यासारखं?

सुपरवायझर : कुणी सांगितलं तुम्हाला?

पुतणी : कुणी नाही. काल दहा वाजता मला तसंच झालं. मग मळमळलं.

सुपरवायझर : ते माझं पित्त आहे. जुनं आहे.

पुतणी : असेल. एकदा खुर्चीतून उठून बघता का?

सुपरवायझर : कशाला?

पुतणी : नुसतं उठा. मग फोन ठेवते मी.

सुपरवायझर : काय तरी तुमचं. हे बघा, उठ... अरे.

पुतणी : काय झालं?

सुपरवायझर : काही नाही. खुर्ची सरकली.

पुतणी : साहेब, खुर्ची सरकलेली नाही, तुमचे पाय गेले. ऐका. मी ओरडत नाहीये, रडत नाहीये, हसत नाहीये. त्या भाड्याच्या फोर्कलिफ्टमधून विषारी वायू येतोय. त्याला वास नसतो. पंख्याला पत्रा ठोकलाय, म्हणून तो खोलीतच साठतोय. काल आम्ही त्यानेच पडलो. आज तुम्ही पडताय. शटर वर घ्या.

सुपरवायझर : शटर घेतलं तर सगळा थंडावा... वरून विचारतील मला.

पुतणी : माझं नाव सांगा. हिस्टेरिया झालेल्या बाईने उघडायला लावलं म्हणा. मी तसं लिहून देते.

सुपरवायझर : हां. लिहून द्या. शटरचं बटण... कुठलं बटण?

काका : अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. काय झालं?

पुतणी : बटण विसरले ते. रोज दहा वेळा दाबतात. साहेब, केबिनच्या दाराबाहेर डाव्या हाताला आहे. लाल. भिंत धरून चला. चार पावलं आहेत. माझ्याबरोबर मोजा. एक.

सुपरवायझर : एक.

पुतणी : दोन. म्हणा.

सुपरवायझर : दोन. मुलाला शाळेतून आणायचंय मला.

पुतणी : आणू. आधी तीन म्हणा.

सुपरवायझर : ...

पुतणी : साहेब? तीन. साहेब, तीन म्हणा.

काका : पडला का?

पुतणी : माहीत नाही. श्वास ऐकू येतोय. साहेब, बसलात तरी चालेल. बसूनच हात वर करा. लाल बटण तुमच्या डोक्याच्या थोडं वर आहे. काका, त्यांना ऐकू येत नाहीये.

काका : बोलत राहा तू.

पुतणी : तुमच्या मुलाचं सांगा मला. कितवीत आहे? साहेब, कितवीत आहे तो?

सुपरवायझर : दुसरीत.

पुतणी : शाळा कधी सुटते?

सुपरवायझर : साडेबारा.

पुतणी : मग हात वर करा. डावा. भिंतीवरून सरकवत न्या.

काका : तो आवाज कसला?

पुतणी : शटरचा. काका, शटर वर जातंय.

काका : त्यांना म्हणावं, बाहेर या. आत थांबू नका.

पुतणी : साहेब, रांगत बाहेर या. ट्रकवाल्यांना हाक मारा, मशीन बंद करा म्हणावं. साहेब?

सुपरवायझर : आलो. बाहेर आहे. त्यांनी ओढलं मला. ए, बंद कर ते मशीन. सगळ्या बाहेर या. हातातलं ठेवा तिथेच, बाहेर या.

पुतणी : मोजा त्यांना. सात हव्यात.

सुपरवायझर : एक, दोन... थांबा, हलतायत सगळ्या. पाच. एक त्या दाराला धरून उभी आहे. सहा.

पुतणी : माझी जाऊ आहे त्यात?

सुपरवायझर : दिसत नाही.

पुतणी : नीट बघा. निळा स्वेटर.

सुपरवायझर : नाहीये.

पुतणी : ती रिकाम्या खोक्यांच्या मागे असेल. डोकं दुखलं की गार फरशीवर बसते तिथे. तुम्ही जाऊ नका आत. दोघा ट्रकवाल्यांना पाठवा, पळत जायचं, उचलायचं आणि पळत यायचं. थांबायचं नाही.

सुपरवायझर : गेले दोघं.

पुतणी : काका, मी तिला दार लावून अडवायला हवं होतं सकाळी. मी चहा पीत बसले होते आणि ती चप्पल घालत होती.

काका : बोलू नकोस आता. ऐक.

पुतणी : काहीच ऐकू येत नाहीये.

सुपरवायझर : आणली. आणली त्यांनी.

पुतणी : डोळे?

सुपरवायझर : मिटलेत. गालावर मारतोय आम्ही. पाणी आणलंय. थांबा... उघडले. उलटी झाली तिला.

पुतणी : बोलतेय?

सुपरवायझर : शिव्या देतेय.

पुतणी : कुणाला?

सुपरवायझर : मला.

पुतणी : मग ठीक आहे. कुशीवर ठेवा तिला. झोपू देऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्स येतेय. आलेल्या माणसांना सांगा, गॅस आहे, ऑक्सिजन लावा. दुसरं काही सांगू नका. तुम्हीही लावून घ्या. आणि शाळेत कुणाला तरी पाठवा.

सुपरवायझर : ताई.

पुतणी : बोला.

सुपरवायझर : दहा वाजता दवाखान्यातून फोन आला होता. मावशी जाग्या झाल्यात, पण नाव विचारलं तर माहेरचं सांगतात. आणि आपल्या आईला बोलवा म्हणतात. मी म्हटलं, नाटक आहे, अजून एक इंजेक्शन द्या.

पुतणी : दिलं?

सुपरवायझर : माहीत नाही.

पुतणी : फोन ठेवते मी. तुम्ही बाहेर हवेत बसा.

काका : दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहितोय बघ. त्यांच्याच इंग्रजीत लिहितो, म्हणजे वाचतील. 'बंद खोलीत इंजिन चालू होतं. कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे. झोपेचं औषध देऊ नका. ताबडतोब ऑक्सिजन द्या. रक्त तपासा, बोटाच्या चिमट्यावर विसंबू नका, तो या वायूलाही ऑक्सिजन समजतो.' हे शेवटचं त्या दोघा भावांच्या खटल्यात एका साक्षीदार डॉक्टरने सांगितलं होतं. अजून काय घालू?

पुतणी : वेळ घाला. मावशी काल दहा-सव्वादहाला पडल्या. आणि त्यांचं सासरचं नावही लिहा, नाहीतर भलत्याच कॉटपाशी जातील. ऐकतील का पण ते?

काका : नाही ऐकलं तर तिथेच बसू. मी म्हातारा आहे, मला कोण उठवतंय?

पुतणी : आणि हा सहीचा कागद?

काका : बरोबर घे. पुढे लागेल तो. सही नको करू.

पुतणी : चला मग. तुम्ही जिना सावकाश उतरा, माझ्या मागोमाग धावू नका.

काका : पोरी.

पुतणी : काय?

काका : कुलूप तूच लाव. मला किल्लीचं भोक सापडत नाहीये.